आधी उतार, मग चढ: स्प्रिंग ब्रेकमधलं ग्रँड कॅन्यन

सह्याद्रीत फिरलेल्या पायांना एक क्रम ठाऊक असतो. पायथ्याचं गाव, खडी चढण, माची, बालेकिल्ला, टाक्यातलं गार पाणी, डबा, आणि मग उतरणं. दम आधी लागतो, आराम नंतर मिळतो. मध्येच कुणी थकलं तर 'चला, इथूनच मागे फिरू' म्हणता येतं, कारण परतीची वाट उताराची असते. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यन या अजस्र दरीत हा हिशोब अगदी उलटा आहे. गाडी, हॉटेल, पाण्याचा नळ, आइस्क्रीमचं दुकान सगळं माथ्यावर, आणि वाट जाते खाली. ताजे पाय, सकाळची थंडी आणि समोर उतार, त्यामुळे पहिला तासभर सगळेच शूर असतात. थकवा कळतो तोवर सगळं कुटुंब दरीत उतरलेलं असतं आणि चढ अख्खा बाकी असतो.

या नॅशनल पार्कचे रेंजर, म्हणजे इथले रक्षक, हे सांगून सांगून दमलेत. खाली जाणं तुमच्या मर्जीचं, वर येणं मात्र सक्तीचं, असं ते पाट्यांवर लिहितात. तरी दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना दरीतून सोडवून आणावं लागतं. 'आम्ही राजगड-तोरणा एका दमात केलाय' या आत्मविश्वासाचा इथे उपयोग होतो तसा अपायही होतो. पायांत ताकद असते, पण ती कुठे खर्च करायची याची सवय उलट्या दिशेची असते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या सहलीचा बेत ठरतो तो शाळेच्या कॅलेंडरवरून. टेक्ससकडे स्प्रिंग ब्रेक, म्हणजे शाळांची वसंतातली सुट्टी, मार्चच्या मध्याला पडते, कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, तर ईशान्येकडे ईस्टरच्या आगेमागे. गुढीपाडवा बहुधा याच दिवसांत येतो, त्यामुळे कूलरमध्ये श्रीखंडाचा डबा असणं काही विशेष नाही. हवामानाच्या दृष्टीने हे दिवस उत्तम आणि फसवे, दोन्ही आहेत. उन्हाळ्यात दरीच्या तळाशी पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी चालणं हा शुद्ध वेडेपणा ठरतो. मार्चमध्ये तो धोका नसतो. साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण काठावर, मार्चचं सरासरी कमाल तापमान १० अंश सेल्सियस आणि किमान उणे ४ असतं. तळाला नदीकाठी मात्र २२ आणि ९. साधारण ३०० मीटर उतरलं की हवा तीन अंशांनी गरम होते. म्हणजे एकाच दिवशी एकाच पाठपिशवीत डिसेंबर आणि मार्च दोन्ही भरावे लागतात. जाड पफर जॅकेट घालून निघालेली मुलं अर्ध्या तासात घामाघूम होतात आणि मग ते जॅकेट बाबांच्या कमरेला बांधलेलं दिवसभर हिंडतं. त्यापेक्षा आत घाम शोषणारा पातळ टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट, असे तीन थर बरे. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरी ठेवा. सुती कापड घामाने भिजलं की सुकत नाही, आणि वर परतल्यावर काठावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते ती त्याच्यामुळे.

पार्कचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरांवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे गाडीतून उतरलो की आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षाही साडेचारशे मीटर उंच उभे असतो. ह्यूस्टनहून किंवा बे एरियातून आलेल्या घरात पहिल्या संध्याकाळी कुणाचं तरी डोकं दुखतंच. त्या दिवशी ट्रेल करू नये. काठावर फिरावं, पाणी प्यावं, लवकर झोपावं. वेळेच्या फरकाचा उपयोग करून घ्यावा. ॲरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर टेक्ससवाल्यांचं शरीर दोन तास पुढे असतं, न्यू जर्सीवाल्यांचं तीन. पहाटे पाचला मुलं आपोआप जागी होतात. एरवी जे वैतागवाणं वाटतं, ते इथे वरदान आहे. कॅलिफोर्नियावाल्यांना ही सवलत नाही, त्यांनी गजर लावावा.

मुक्कामाचं म्हणाल तर पार्कच्या आतली हॉटेलं तेरा महिने आधी आणि मॅथर कॅम्पग्राउंडच्या जागा सहा महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात, आणि स्प्रिंग ब्रेकच्या तारखा पटापट उडतात. ते हुकलं तर दक्षिण दरवाजाबाहेरचं टुसायान गाव सर्वात जवळ. विल्यम्स साठेक मैल, फ्लॅगस्टाफ ऐंशीच्या आसपास. लास व्हेगसहून सकाळी निघून, दरी बघून, रात्री परत जायचा बेत अनेक जण करतात. एका बाजूचे साडेचार तास. त्या बेतात हाइक बसत नाही, फक्त फोटो बसतो. दरवाजावर सकाळी दहानंतर गाड्यांची रांग लागते, व्हिजिटर सेंटरचे पार्किंग लॉट भरतात. नऊच्या आत आत शिरलात तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

प्रवेशाच्या पैशांत एक नवा बदल मराठी घरांना थेट लागू होतो. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह अकरा नॅशनल पार्कांत, अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा पडतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, रहिवाशांचा ८० डॉलरचा. म्हणजे पुण्याहून आलेले आई-बाबा सोबत असतील तर दरवाजावर पोहोचायच्या आधीच कोणता पास कुणाच्या नावावर घ्यायचा याचा हिशोब करा, आणि सगळ्यांची ओळखपत्रं गाडीच्या डिकीत नाही, हाताशी ठेवा.

आता मुख्य प्रश्न: कोणती वाट आणि कुठवर?

दक्षिण काठावरून कुटुंबाला करता येण्याजोग्या वाटा दोन. ब्राइट एंजल आणि साउथ कायबॅब. दोन्हींचा स्वभाव वेगळा. ब्राइट एंजल ही दरीच्या एका भेगेच्या आधाराने उतरते. कडा दोन्ही अंगांनी जवळ, सावली भरपूर, वळणावर वळणं. ती मुळात हावासुपाई या इथल्या आदिवासी लोकांची वाट. दरीत साडेचार मैलांवर झऱ्याकाठी त्यांची शेतं होती. १९२८ पर्यंत त्यांतल्या शेवटच्या रहिवाशालाही तिथून हलवलं गेलं. बरीच वर्षं 'इंडियन गार्डन' म्हणून ओळखली जाणारी ही जागा २०२२ पासून अधिकृतपणे हावासुपाई गार्डन्स झाली आहे. मधल्या काळात राल्फ कॅमरन नावाच्या गृहस्थाने खाणींचे दावे ठोकून ही वाट आपल्या ताब्यात ठेवली होती आणि उतरणाऱ्याकडून एक डॉलर टोल घेत होता. पार्क १९१९ मध्ये झालं तरी हा माणूस हटेना. म्हणून पार्क खात्याने १९२४-२५ मध्ये सुरुंग लावून स्वतःची वेगळी वाट काढली, तीच साउथ कायबॅब. टोलनाक्याला वैतागून बायपास काढण्याची परंपरा जुनी आहे तर.

साउथ कायबॅब भेगेतून नाही, सोंडेवरून उतरते. आपल्याकडे गडाची वाट सोंडेने असली की दोन्ही बाजूंचं दिसतं, तसंच. त्यामुळे दृश्याच्या बाबतीत हिला तोड नाही, पण सावली जवळजवळ नाही आणि वाटेवर पाणी अजिबात नाही. वारा सोंडेवर सरळ अंगावर येतो, टोपीला बंद हवा. इथे खासगी गाडीने जाता येत नाही. व्हिजिटर सेंटरवरून नारिंगी मार्गाची मोफत शटल बस घ्यायची. भल्या पहाटे हायकर्स एक्सप्रेस नावाची वेगळी बसही असते. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, म्हणून आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

पल्ले असे. साउथ कायबॅबवर उह-आह पॉइंट ०.९ मैलावर, उतार दोनशे मीटरांहून थोडा जास्त. सीडर रिज दीड मैलावर, उतार साधारण ३४० मीटर. स्केलेटन पॉइंट तीन मैलांवर, उतार ६२० मीटर. ब्राइट एंजलवर पहिला निवारा दीड मैलावर, उतार पुन्हा ३४० मीटरच. दुसरा तीन मैलांवर, ६४५ मीटर. हावासुपाई गार्डन्सपर्यंत ९२५ मीटर, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढण्याइतकी चढण, तीही शेवटी. हे सगळे आकडे एका बाजूचे. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, असं पार्क स्वच्छ बजावतं आणि त्यात भिडेखातर काही सांगितलेलं नाही.

सहा-सात वर्षांपासून पुढची मुलं आणि बऱ्यापैकी चालणारे मोठे असतील, तर माझं मत सरळ आहे: सीडर रिज. एवढ्या कमी अंतरात दरीच्या आत गेल्याची इतकी खरी जाणीव दुसरीकडे मिळत नाही. चढण सिंहगडापेक्षा कमी आहे, जायला-यायला दोन ते चार तास लागतात, तिथे संडास आहेत आणि बसायला ऐसपैस सपाटी आहे. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर ब्राइट एंजलचा पहिला बोगदा सुरुवातीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथवर जाऊन आलं तरी मुलाच्या लेखी 'दरीत गेलो' हे पूर्ण होतं. स्ट्रोलर या वाटांवर चालत नाही. पाठीवरचं कॅरिअर चालतं, पण बर्फ असेल तर तेही नको.

बर्फाचं प्रकरण मार्चमध्ये सर्वात जास्त लोकांना अनपेक्षितपणे भेटतं. 'ॲरिझोना म्हणजे वाळवंट' या समजुतीने येणाऱ्यांना वाटेच्या पहिल्याच वळणांवर पांढरं, चकचकीत काहीतरी दिसतं. कारण साधं आहे. दक्षिण काठाची उतरण उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे वरच्या टप्प्यावर ऊन कमी वेळ पोहोचतं. दिवसा बर्फ जरासा वितळतो, शेकडो बुटांखाली दाबला जातो, आणि रात्री उणे चारात गोठून काच होतो. सकाळी आठला तो सर्वात वाईट अवस्थेत असतो, म्हणजे नेमका आपण निघतो तेव्हा. यावर उपाय मायक्रोस्पाइक्सचा: बुटावर चढवायचं रबरी कडं, त्याला खाली साखळ्या आणि सेंटिमीटरभर लांबीचे पोलादी दात. ते चढवताना एक गोष्ट नीट बघा. रबराचा चवड्यापुढचा भाग बोटांवर बरोबर मध्यभागी बसला पाहिजे आणि टाचेकडचा भाग बुटाच्या वरच्या कडेपर्यंत ओढलेला पाहिजे. तो अर्धवट राहिला की चार वळणांत स्पाइक बाजूला फिरतो आणि दात तळव्याऐवजी बुटाच्या कडेला येतात. मुलांसाठी त्यांच्या मापाचेच घ्या. मोठ्याचा सैल स्पाइक लहान बुटावर नसल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर पाऊल टाकलं जातं. स्पाइक बर्फ सुरू व्हायच्या आधी चढवायचे, बर्फावर उभं राहून नाही. आणि कोरडा खडक लागला की काढायचे, कारण दगडावर ते घसरतात आणि दातही बोथट होतात. काढलेले, चिखलाने माखलेले स्पाइक ठेवायला एक जाड पिशवी सोबत असावी. पार्कमधल्या दुकानात ते मिळतात, पण सुट्टीच्या आठवड्यात मुलांची मापं संपलेली असतात.

वाटेची बांधणीही समजून घ्यावी. पावसाचं पाणी वाट धुऊन नेऊ नये म्हणून आडव्या ओंडक्यांच्या आणि दगडांच्या पायऱ्या घातल्या आहेत. त्यांमधली माती खेचरांच्या टापांनी खोल गेलेली असते. त्यामुळे पायरीची उंची सारखी नसते. मोठ्या माणसाची दीड पावलं आणि सहा वर्षांच्या मुलाचा गुडघ्याइतका उंबरा, असा प्रकार. उतरताना पावलं छोटी ठेवावीत, गुडघा किंचित वाकलेला. काठ्या घेतल्या असतील तर उतरताना थोड्या लांब करायच्या, चढताना आखूड. पायाची नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना बोटं बुटाच्या नाकाला आपटतात आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं नख काळं होतं. घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत लेस आवळून बांधली की पाऊल पुढे सरकत नाही. चवड्यावर ती सैल असली तरी चालेल.

खेचरांचा तांडा भेटणारच. ती वाट जितकी आपली तितकीच त्यांची आहे, किंबहुना जास्त. तांडा दिसला की थांबायचं, दरीच्या नाही तर कड्याच्या अंगाला उभं राहायचं, तांडा हाकणारा सांगेल ते ऐकायचं आणि गप्प राहायचं. मुलाचा अचानक ओरडा किंवा फडफडणारं जाकीट खेचराला बुजवू शकतं. शेवटचं खेचर पंधरा मीटर पुढे गेल्याशिवाय वाटेवर परत यायचं नाही. त्यांच्या मागे जे राहतं त्याचा वास पुढे काही वळणं साथ करतो. एवढं सोडलं तर बाकी त्रास नाही. चढून येणाऱ्यांना आधी वाट द्यायची, हा दुसरा नियम.

पाण्याबद्दल लोकांचा गोंधळ असतो. नकाशावर ब्राइट एंजलच्या निवाऱ्यांपाशी नळाची खूण दिसते, पण ते वरचे नळ मे ते ऑक्टोबरपुरते. थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून ते बंद असतात. मार्चमध्ये तिथे नळ आहे असं समजून उतरणारं कुटुंब चढताना कोरडं पडतं. मुळात काठावरचं सगळं पाणी दरीच्या पलीकडून येतं. उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यापासून निघालेली साडेबारा मैलांची ॲल्युमिनियमची पाइपलाइन दरी ओलांडते. ती १९६० च्या दशकातली. २०१० पासून ती पंचाऐंशीहून जास्त वेळा फुटली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर तिच्या फुटण्यामुळे दक्षिण काठावरचा रात्रीचा मुक्कामच थांबवावा लागला होता. नवी यंत्रणा बसवण्याचं काम सुरू आहे आणि त्यासाठी वाटांचे काही भाग मधूनमधून बंद होतात. म्हणून निघायच्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर 'कोणती वाट उघडी, कुठे पाणी' हे बघणं हा औपचारिकपणा नाही. पाणी सगळं काठावर भरून घ्यावं. चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा ते एक लिटर हे माप धरलं तर सीडर रिजला मोठ्यांना दोन लिटर, मुलांना एक लिटर पुरतं. मुलाचं पाणी मुलाच्याच पाठीवर द्या. दुसऱ्याच्या पिशवीतलं पाणी मागावं लागलं की मुलं मागतच नाहीत.

नुसतं पाणी ढोसत राहणं हेही चूक. घामातून मीठ जातं, वरून फक्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, भरकटलेलं बोलणं ही त्याची लक्षणं, आणि ती पाहून लोक त्या माणसाला आणखी पाणी पाजतात. उतारा खारट खाण्याचा. इथे मराठी डबा अमेरिकन दुकानातल्या कुठल्याही बारला भारी पडतो. तिखटमिठाच्या पुऱ्या, भाकरवडी, खारे शेंगदाणे, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. चिवडा मात्र वाटेवर नको. सांडतो, आणि सांडलेल्या प्रत्येक पोह्यामागे खार येते. इथल्या करड्या, गुबगुबीत खारींना माणसांची इतकी सवय झाली आहे की त्या मांडीवर चढतात आणि चावतात. दवाखान्यात येणाऱ्या जखमांत त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, आजीने प्रेमाने दिलं तरीही. संत्र्याची सालं, पिस्त्याची टरफलं सगळं परत वर आणायचं. कोरड्या हवेत ते कुजत नाही, वर्षानुवर्षं तिथेच दिसत राहतं.

आता वेळेचा हिशोब, ज्यावर सगळं अवलंबून आहे. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला लागतो असं धरा. चार तास हाताशी असतील तर एक तास वीस मिनिटं उतरा आणि जिथे असाल तिथून फिरा. 'त्या पुढच्या वळणावरून छान दिसेल' या वाक्याला काठावरूनच बंदी घालावी, कारण प्रत्येक वळणावरून पुढचं छानच दिसतं. परतायची वेळ घड्याळावर ठरवा, जागेवर नाही, आणि ती वेळ मुलांना आधी सांगा. बारा-तेरा वर्षांचं मूल उताराला पळत सुटतं, त्याला हाक पोहोचेल इतक्याच अंतरावर ठेवा. फोनचं सिग्नल दरीत बहुतेक ठिकाणी नसतं, म्हणून 'खाली भेटू' हा बेत चालत नाही. चढताना सर्वात सावकाश चालणारा माणूस पुढे. वेग इतकाच असावा की चालता चालता अख्खं वाक्य बोलता यावं. तासातून एकदा दहा मिनिटं बसून पाय दगडावर उंच ठेवले की पोटऱ्या हलक्या होतात. पाच-पाच मिनिटांनी उभ्या उभ्या थांबण्याने तसं होत नाही. आणि मुलगा एकदम गप्प झाला किंवा फालतू कारणावरून रडायला लागला, तर ते वागणं नाही, ती भूक आहे. आधी पुरी द्या, मग समजूत घाला.

या वाटेवर भूगोल पायाखालून कळतो, आणि तो परतीची खूणही सांगतो. काठावरचा कायबॅब चुनखडक पिवळट पांढरा. त्यात जुन्या समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे सापडतात. थोडं खाली कोकोनिनो वालुकाश्म लागतो, साय धरलेल्या दुधाच्या रंगाचा, आणि त्यात तिरक्या रेषा. वाऱ्याने रचलेल्या वाळवंटी टेकड्यांच्या त्या उतरणी आहेत, सुमारे २७-२८ कोटी वर्षांपूर्वी जशा होत्या तशाच घट्ट झालेल्या. मुलांना बोट फिरवून ती रेष दाखवा. मग अचानक बुटांवरची धूळ लाल होते. हा हर्मिटचा मऊ, तांबडा थर, आणि सीडर रिज याच थरावर आहे. बूट लाल झाले की फिरायची वेळ आली, ही खूण सहा वर्षांच्या मुलालाही समजते. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा सर्वात तरुण खडक त्याच्या चौपट जुना आहे. आणि दरी खोदणारी कोलोरॅडो नदी मात्र त्या मानाने कालची. तिने हे बहुतेक काम गेल्या पाच-सहा कोटी नव्हे, पन्नास-साठ लाख वर्षांत केलं.

नावं पाहून मराठी माणूस थबकतोच. साउथ कायबॅबवरून पलीकडे झोरोआस्टर टेंपल आणि ब्रह्मा टेंपल दिसतात, ग्रँडव्ह्यू पॉइंटवरून विष्णू टेंपल, पश्चिमेच्या होपी पॉइंटवरून शिवा टेंपल. कृष्णा आणि रामा ही नावंही नकाशावर आहेत. देवळं अर्थात नाहीत, हे दरीत सुटे उभे राहिलेले डोंगर आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास यांतल्या काही शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली आणि पुढच्यांनी ती रीत चालवली. तळाशी, नदीच्या काठाला, जो काळा चमकदार खडक आहे त्याचंही नाव विष्णू शिस्ट. वय सुमारे १७५ कोटी वर्षं. तो जवळून बघायला नदीपर्यंत जावं लागतं, पण काठावरच्या दुर्बिणीतून अरुंद काळी घळ दिसते, ती त्याचीच.

ज्यांना उतरायचं नाही, त्यांचा दिवस वाया जातो असं समजायचं कारण नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना 'तुम्ही इथे बाकावर बसा' म्हणून चार तास सोडून जाणं हा सहलीतला सर्वात मोठा अन्याय आहे. यावापाई जिऑलॉजी म्युझियमपासून व्हिलेजकडे, म्हणजे काठावरच्या हॉटेलांच्या वस्तीकडे, 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची सपाट, फरसबंद वाट जाते. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, असं माप तिच्यावर धातूच्या खुणांनी मांडलं आहे आणि दरीतल्या प्रत्येक थराचा खरा दगड त्या त्या जागी ठेवला आहे, हात लावून बघायला. म्हणजे खाली न उतरताही विष्णू शिस्टला हात लागतो. व्हीलचेअरही चालते. हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते. तिथली लाल मार्गाची शटल जाताना दर पॉइंटला थांबते, त्यामुळे चालायचं तेवढं चालून पुढची बस धरता येते. काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. फोटोसाठी कुणीही मागे सरकायचं नाही, सरकायचं ते फोटो काढणाऱ्याने, आणि दरीपासून लांब.

ज्युनिअर रेंजरची पुस्तिका व्हिजिटर सेंटरला फुकट मिळते. ती पहिल्याच दिवशी घ्या. त्यातले प्रश्न वाटेवर सोडवता येतात, आणि पूर्ण झाल्यावर रेंजर मुलांना शपथ देऊन बिल्ला लावतो. शेवटच्या दिवशी घाईघाईत भरून बिल्ला मिळतो, पण मजा गेलेली असते.

हाइकच्या दुसऱ्या दिवशी फार मोठा बेत ठेवू नये. दुखणं चढण्याने नाही, उतरण्याने येतं. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, आणि त्याचा ठणका चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वर येतो. त्या दिवशी पूर्वेकडे डेझर्ट व्ह्यूचा रस्ता धरावा, पंचवीसेक मैल, जागोजागी थांबे. टोकाला वास्तुरचनाकार मेरी कोल्टरने १९३२ मध्ये बांधलेला दगडी टेहळणी बुरूज आहे, आत होपी जमातीचे चित्रकार फ्रेड काबोटी यांनी रंगवलेल्या भिंती. पेज गावाकडे पुढे जाणार असाल तर इथून बाहेर पडता येतं. नाव्हाहो नेशनची, म्हणजे नाव्हाहो आदिवासींच्या स्वतःच्या प्रदेशाची, हद्द लागली की फोनचं घड्याळ एक तास पुढे उडी मारतं, कारण ते लोक घड्याळ बदलतात आणि बाकी ॲरिझोना बदलत नाही. पुढच्या टूरचं बुकिंग कोणत्या वेळेनुसार आहे ते टूरवाल्यांकडून आधी विचारून घ्या.